गळिताचा हंगाम आणि पोरांच्या परीक्षेचा हंगाम
– ऊस विकास अधिकारी



या पानावर आम्ही नेहमी बेणं, लागण, खोडवा, पाचट, खतांच्या मात्रा याविषयी लिहितो. या वेळी विषय जरा बांधाबाहेरचा आहे. काही मंडळी म्हणतील, ऊस विकास अधिकाऱ्याला अभ्यासाच्या गोष्टी सांगायला कोणी बोलावलं? बोलावलं कोणीच नाही. पण आपला गळीत हंगाम आणि दहावी-बारावीची परीक्षा हे दोन्ही एकाच वेळी येतात. २०२५ साली तर बोर्डाने परीक्षा नेहमीपेक्षा आठ-दहा दिवस अगोदर घेतली. बारावीची ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे फडात टोळी, खोडव्याला पाणी, सुरू लागणीची घाई आणि घरात परीक्षा, अशी चारी कामं एका छपराखाली. त्यात पहिला बळी कशाचा जातो, ते आम्ही गटागटांतून फिरताना दरवर्षी बघतो.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. एका सभासदाच्या प्लॉटवर उसाची पाहणी करायला गेलो होतो. मालक फडाकडे गेलेले. शेजारच्या खोडव्यात त्यांची मुलगी दारं धरत होती. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात विज्ञानाचं पुस्तक. सरी भरेपर्यंत वाचायचं, भरली की बारं मोडायचं, पुन्हा वाचायचं. मोठ्यानं वाचत होती, गुरुत्वाकर्षणाचा धडा. आम्हांला कौतुक वाटलं. म्हटलं, "बाई, किती वेळा झाला हा धडा?" म्हणाली, "सहाव्यांदा चाललाय, साहेब." मग आम्ही जरा आगाऊपणा केला. म्हटलं, "पुस्तक मिट, आणि केप्लरचे तीन नियम सांग." पहिला अर्धा सांगितला, दुसऱ्याला अडली, तिसरा आलाच नाही. तिचा चेहरा उतरला. नंतर कळलं, पूर्वपरीक्षेत विज्ञानाच्या एका पेपरात तिला चाळीसपैकी अकरा होते.

तेवढ्यात वडील आले. चहाला घरी घेऊन गेले. बोलता बोलता म्हणाले, "लई अभ्यास करती साहेब, रातच्या बारापतुर पुस्तक सोडत न्हाई. पण डोक्यात ऱ्हात न्हाई तिच्या. आता पास झाली तर शिकवू. न्हाईतर पाव्हणं येऊन गेल्यात, बघू मग." पोरगी दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं, आणि ते ऐकण्याची ती पहिली वेळ नसावी असं आम्हांला वाटलं.

आम्ही त्या घरातून उठलो ते डोक्यात भुंगा घेऊनच. कारण 'डोक्यात राहत नाही' हे वाक्य आमच्या ओळखीचं होतं.

मार्च १९९५ मध्ये आम्ही स्वतः दहावीला गणितात चार मार्कांनी गेलो. आळस केला नव्हता. गाइड पाठ होईस्तोवर वाचलं होतं. सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक पायरी पटायची. 'हे येतं आपल्याला' असं मनोमन म्हणून पान उलटायचो. पेपरात कोरा कागद समोर आला तेव्हा पहिली पायरीच सुचेना. निकालाच्या दिवशी वडील काही बोलले नाहीत. वैरणीचा विळा घेऊन ओढ्याकडे गेले, ते अंधार पडल्यावर आले. त्या वेळी फेरपरीक्षा ऑक्टोबरात असायची, म्हणजे पास झालं तरी वर्ष गेलेलंच. आमच्या वाडीत एक पेन्शनर गुरुजी होते. त्यांनी आमचं गाइड काढून घेतलं आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवलं. म्हणाले, "पुस्तक माझ्याजवळ राहू दे. तू रोज ये, कोऱ्या कागदावर लिही, आणि अडलास की मगच विचार." पहिले पंधरा दिवस फार जड गेले. ऑक्टोबरात गणित सुटलं, पुढच्या वर्षी कृषि पदविकेला प्रवेश मिळाला, आणि म्हणून आज आम्ही आपल्यापुढे हे लिहायला आहोत.

गुरुजींनी जे अनुभवानं केलं ते शास्त्रज्ञांनी नंतर मोजून दाखवलं आहे. आपल्याला मोजमाप असलेली गोष्ट पटते, काट्यावर वजन झाल्याशिवाय आपण टनेज मानत नाही, म्हणून तो प्रयोग थोडा सविस्तर सांगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो वेळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटानं थोडाच वेळ, तीन-साडेतीन वेळा वाचला, आणि उरलेला वेळ पुस्तक मिटून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. पण तीच परीक्षा एका आठवड्यानं घेतली तेव्हा उलटं झालं. चौदा वेळा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के.

यातली खरी मेख पुढं आहे. आठवड्यानं किती आठवेल असं मुलांना आधीच विचारलं होतं, तेव्हा जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता. धडा ओळखीचा झाला की तो आपल्याला आला असं वाटतं. माणूस ओळखणं वेगळं आणि त्याचं नाव आठवणं वेगळं. बाजारात एखादा पाव्हणा भेटतो, चेहरा पक्का ओळखीचा, पण नाव काही केल्या येत नाही. वाचून वाचून मुलांची धड्याशी तशीच ओळख होते. परीक्षेत विचारतात ते नाव. आणि रात्री झोपण्यापूर्वी सगळं आल्यासारखं वाटतं ना, ते पाच मिनिटांनंतरचं ८३ टक्के असतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की धडा एकदा नीट समजून वाचावा, पुस्तक मिटावं आणि आठवेल ते लिहावं. मग पुस्तक उघडून सुटलेलं तांबड्या पेनानं भरावं. दुसऱ्या वेळी फक्त तांबड्यावर भर द्यायचा. यासाठी वही विकत घ्यायला नको. पाटी चालते, जुन्या कॅलेंडरची पाठ चालते. (ऊस वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर मात्र लिहू देऊ नका. मागच्या वर्षी एक सभासद बिलाच्या तक्रारीसाठी पावती घेऊन आले, तिच्या मागं आवर्तसारणी लिहिलेली होती. तक्रार मिटली, पण पोरानं अक्षर घाणेरडं काढलं होतं.) लिहायला कंटाळा येत असेल त्या मुलानं घरातल्या कोणालाही समोर बसवून धडा सांगावा. आजीला सांगितला तरी चालतो. आजीला कळलं पाहिजे अशा भाषेत सांगायला लागलं की आपल्याला काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्यातलीच आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र लागतं. म्हणजे एकरी साडेसात-आठ पोती युरिया. ही सगळी पोती एकाच दिवशी सरीत ओतणारा सभासद आमच्या कार्यक्षेत्रात सापडणार नाही. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०, असे हप्ते आपण पाडतो. कारण एकदम दिलेलं पिकाला लागत नाही, निचऱ्यातून जातं, नाहीतर हवेत उडतं. पोरांचा अभ्यास मात्र आपण पेपरच्या आदल्या रात्री एकदम ओततो. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या शास्त्रज्ञानं स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले होते. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती टिकतात ते मोजायचं. एका दिवसात दोन-तृतीयांशाच्या आसपास मेहनत वाया गेलेली त्याला आढळली. अर्थ समजलेली गोष्ट इतक्या लवकर जात नाही हे खरं, पण जाते. ती जायला लागली की पुन्हा आठवायची, हाच हप्ता. आज केलेला धडा उद्या दहा मिनिटं, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग पेपरच्या अगोदर. हप्त्यांचं अंतर तंतोतंत पाळण्याची गरज नाही. रोज थोडं मागचं आणि थोडं पुढचं, एवढं झालं तरी पुरे. थोडं विसरल्यावर आठवताना जोर लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. वाफसा नसताना, सरीत पाणी उभं असताना पुन्हा पाणी सोडून मुळी चालत नाही, तसंच हे.

गणिताविषयी वेगळं सांगायला हवं, कारण दहावीला आपल्या भागातली बरीच पोरं तिथंच अडतात. साधारण पद्धत अशी की वर्गसमीकरणाचा सराव संच घेतला की वीस उदाहरणं त्याचीच, मग अंकगणिती श्रेढी घेतली की वीस तिचीच. यात पाचव्या गणितापासून हात आपोआप चालतो, डोकं बंद असलं तरी चालतं. परीक्षेत मात्र हे उदाहरण श्रेढीचं की समीकरणाचं, हे कोणी वर लिहून देत नाही. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ साली घनफळाच्या चार प्रकारच्या उदाहरणांवर हे तपासलं. एकाच प्रकारची सलग सोडवणाऱ्यांची सरावाच्या वेळी ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानं परीक्षा घेतली तर सलगवाल्यांची २० टक्के आणि मिसळवाल्यांची ६३. म्हणून एका प्रकाराची दोन-चार उदाहरणं येऊ लागली की चिठ्ठ्या करून डब्यात टाकाव्यात. समरूपता, त्रिकोणमिती, संभाव्यता, सगळी एकत्र. रोज डोळे मिटून पाच चिठ्ठ्या काढायच्या. सुरुवातीला जास्त चुकतं आणि मुलं नाराज होतात. तेव्हा पालकांनी 'तुला गणित येतच नाही' असं म्हणू नये, एवढं पथ्य पाळलं तरी खूप झालं. अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटी आहे. खताच्या दुकानातली आपली पावती मुलांपुढे ठेवा आणि तिच्यावरचा कर काढून घ्या. आपलाही हिशोब तपासला जाईल.

अधोरेखन करण्याचा नाद बऱ्याच मुलांना असतो. आम्ही अशी पुस्तकं पाहिली आहेत की ज्यांत रेघ न मारलेली ओळ शोधावी लागते. त्यानं हात रंगतात, फारसा फायदा होत नाही.

परीक्षेला तीन-चार आठवडे उरले की जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. दहावीच्या भाषांचे पेपर ८० गुणांचे आणि तीन तासांचे असतात. गणित भाग १ व २, विज्ञान भाग १ व २ हे ४० गुणांचे, दोन-दोन तासांचे. २०२३ पासून बोर्डानं शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत, त्यांचा उपयोग लिहिण्यापेक्षा तपासण्याला करावा. घरी पेपर सोडवायला सकाळी अकरालाच बसवावं, म्हणजे त्या वेळी बसण्याची, भूक-तहानेची सवय होते. सोपा प्रश्न अगोदर, अडलेल्यावर खूण करून पुढं जायचं. एका चार गुणांच्या प्रश्नापायी अर्धा तास घालवून शेवटचे दहा गुण कोरे सोडलेली मुलं आम्हांला माहीत आहेत. त्यातलं एक हे लिहीत आहे.

आता पालकांकडे वळतो, आणि इथं जरा कडक लिहिणार आहोत. राग मानू नये.

मोटरीची लाइट आठवड्याआड रात्रीची असते. काही फिडरांवर आता दिवसा वीज मिळू लागली आहे, पण सगळीकडे नाही. रात्रीच्या पाळीला वडील दिवसभर फडावर थकलेले, म्हणून मुलगा जातो. रात्री दोनला पाणी पाजून आलेला पोरगा सकाळी वर्गात पेंगतो, आणि मास्तर म्हणतात लक्ष नाही. दिवसा शिकलेलं झोपेतच मुरतं, पक्कं होतं, हे आता संशोधनानं चांगलं सिद्ध झालेलं आहे. झोप काढून घेतली तर त्या दिवसाचा अभ्यासही काढून घेतल्यासारखंच. बारा वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलाचं कौतुक करण्यापेक्षा त्याला दहाला झोपवून पाचला उठवा. जानेवारी ते परीक्षा संपेपर्यंत रात्रीची पाळी भावकीत, शेजाऱ्यात अदलाबदलीनं करता येते. पैरा आपण पेरणीला करतोच की.

मुलींच्या बाबतीत रात्रीचं पाणी नसलं तरी संध्याकाळच्या भाकरी असतात, धाकट्यांचं बघणं असतं, सकाळची धारही असते. त्यांना अभ्यासाला वेळ मिळतो तो सगळ्यांची जेवणं झाल्यावर, जेव्हा डोळे मिटायला लागलेले असतात. आमच्या स्वतःच्या घरातही काही वर्षं असंच चाललं होतं, म्हणून शहाणपणा सांगत नाही. पण दीड महिना मुलग्यानं भाकरीचं पीठ मळलं तर काही बिघडत नाही.

आणि फडातल्या टोळीकडे एक नजर टाका. मराठवाड्यातून, बीडकडून येणाऱ्या तोडणी कामगारांची पोरं आई-बापाबरोबर येतात आणि त्यांची शाळा कार्तिकात सुटते ती चैत्रातच भेटते. काहींना गावी आजीजवळ किंवा वसतिगृहात ठेवतात. आपल्या बांधावर असं दहावीचं पोर वाढं गोळा करताना दिसलं तर मुकादमाला दोन शब्द विचारावेत, आणि घरात मागच्या वर्षीची पुस्तकं पडली असतील ती द्यावीत. रद्दीवाला किलोवर घेतो, त्यापेक्षा ते बरं.

मोबाइलविषयी प्रत्येक सभेत कोणीतरी बोलतोच, म्हणून थोडक्यात. बालभारतीची पुस्तकं त्याच्यावर फुकट मिळतात, जुने पेपर मिळतात, तेवढं काम झालं की तो बापाच्या खिशात. बापानंही जेवताना बाहेर काढू नये.

नापास झालं तर काय, हेही सांगून ठेवतो, कारण निकालाच्या दिवशी सांगायला आम्ही तिथं नसू. आता आमच्या वेळेसारखं वर्ष जात नाही. फेरपरीक्षा जून-जुलैमध्ये होते, आणि दहावीला एक-दोन विषय राहिले तरी अटींवर अकरावीला प्रवेश मिळण्याची सोय आहे. शाळेत जाऊन चौकशी करावी, फॉर्मची तारीख चुकवू नये. त्या दिवशी घरात आवाज चढवू नये, आणि पोराला एकटं सोडू नये. आमचे वडील ओढ्याकडे गेले तेव्हा आम्ही गोठ्यात एकटेच बसलो होतो, आणि त्या दोन-तीन तासांत डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथं लिहीत नाही.

त्या मुलीचं पुढं असं झालं. त्या दिवशी आम्ही तिच्या वडिलांना गाडीपाशी बाजूला घेतलं आणि म्हटलं, "आबा, तिच्या डोक्यात काही खोट नाही. पद्धत चुकतेय. महिनाभर तिला दाऱ्यावर धाडू नका, मी सांगतो तसं करून बघू द्या." आबा म्हणाले, "मग पानी कोन पाजायचं?" आम्ही म्हटलं, "तुमचा थोरला कट्ट्यावर बसलेला असतो की." आबा हसले नाहीत, पण ऐकलं. गटाच्या कामाला त्या बाजूला गेलो की पाच-दहा मिनिटं थांबायचो. पुस्तक ती स्वतःच मिटून समोर ठेवायची. फेब्रुवारीच्या मध्यावर तिनं केप्लरचे तिन्ही नियम सांगितले आणि तिसऱ्याचं सूत्र बोटानं धुळीत काढून दाखवलं. मे महिन्यात निकाल लागला. एकूण ६४ टक्के. विज्ञानात चांगली निघाली, गणित कसंबसं. तिनं अकरावीला सायन्सला नाव घातलं. पाव्हणे पुन्हा आले का, ते आम्ही विचारलं नाही.

शेवटी आमच्या विभागाकडून काय होईल ते सांगतो. दहावी-बारावीचं मूल घरात आहे म्हणून तोडीचा नंबर अलीकडे-पलीकडे होणार नाही. तोड लागण तारखेप्रमाणे आणि जातीप्रमाणेच येईल, त्यासाठी कोणी चिठ्ठी घेऊन येऊ नये. मात्र अशा सभासदांनी आपल्या चिटबॉयकडे नाव नोंदवलं तर टोळी येण्याची तारीख त्यांना चार-पाच दिवस आधी कळवण्याची व्यवस्था करू, म्हणजे फडावर लागणारं माणूस आधी ठरवता येईल आणि पोराला शाळेतून उठवावं लागणार नाही. ज्यांच्या घरी अभ्यासाला जागा नाही त्यांच्या मुलांसाठी गट ऑफिसची पुढची खोली परीक्षा संपेपर्यंत संध्याकाळी ७ ते ९ उघडी राहील. दिवा आहे, दोन बाकं आहेत, पाण्याचा माठ आहे. मुलींना आणायला-सोडायला घरचं माणूस यावं. चावी रखवालदाराकडे असेल.